अकरा मुलांची शाळा व तिचा निकाल

गेल्या गणेशोत्सवातील गोष्ट आहे. आमच्या वाडीचे एक गृहस्थ मुंबईस एका बँकेच्या हिशेबखात्यात नोकरीस आहेत. दरसाल गणपतीस ते सहकुटुंब गावी येतात. सायंकाळची आरती आटोपल्यावर ते पडवीत माझ्याशेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "गुरुजी, आपली शाळा बंद करून मुले तीन किलोमीटरवरच्या मोठ्या शाळेत धाडण्याचे घाटत आहे म्हणतात. ग्रामसभेत आमचेही मत विचारतील. मला एवढेच सांगा, तुमच्या वेळी शाळेचा निकाल किती लागे?"

मी क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिले, "शेवटच्या साली शंभर टक्के!"

गृहस्थ प्रसन्न झाले व प्रसादाची वाटी घेऊन आत गेले. मला मात्र त्या रात्री स्वस्थ झोप लागली नाही. मी खोटे बोललो नव्हतो. त्या साली, म्हणजे २०१५ साली, चौथीच्या शिष्यवृत्ती परीक्षेस आमच्या शाळेतून एक मुलगी बसली होती आणि ती उत्तीर्ण झाली होती. एकातून एक म्हणजे शंभर टक्केच. परंतु शंभर टक्के हा शब्द ऐकून त्या गृहस्थांच्या डोळ्यांपुढे जे चित्र उभे राहिले असेल, त्याचा आमच्या त्या एका मुलीशी काय संबंध? आणि याच मापाने शाळा ठेवावी की मोडावी हे ठरणार असेल, तर मापाविषयी चार शब्द स्पष्ट बोललेच पाहिजेत, असे मनाने घेतले. आजचे भाषण त्या रात्रीच्या अस्वस्थतेतून उत्पन्न झाले आहे.

प्रथम माझी योग्यता सांगतो, म्हणजे श्रोत्यांची निराशा व्हावयाची नाही. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. त्यानंतर अध्यापनाची पदविका घेतली व जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत अडतीस वर्षे काढली. त्यांतील अखेरची नऊ वर्षे ज्या शाळेत गेली, ती कोकणातील एका सड्याखालची पहिली ते चौथीची शाळा. दोन खोल्या, पुढे पडवी, मागे फणसाचे झाड. पावसाळ्यात वहाळ भरला की साकवावरून येण्याजाण्याची सोय, आणि साकव बुडाला की शाळेस आपोआप सुटी. गणितशास्त्राचा मी पंडित नव्हे. जे पुढे सांगणार आहे ते हजेरीपत्रकाच्या मागील कोऱ्या पानावर मांडून पाहता येण्याइतके सोपे आहे.

आमच्या शाळेतील निकालाचा इतिहास तीन वर्षांचाच सांगतो. २०१३ साली शिष्यवृत्तीस दोन मुले बसली. दोन्ही उत्तीर्ण झाली. निकाल शंभर टक्के. तालुक्याच्या गावी समारंभ होऊन मला शाल व श्रीफळ मिळाले. २०१४ साली तीन मुले बसली. एकही उत्तीर्ण झाले नाही. निकाल शून्य. ज्या कचेरीने शाल दिली होती तिनेच पत्र पाठवून गुणवत्ता घसरल्याचा लेखी खुलासा मागितला. २०१५ साली ती एकटी मुलगी बसली व निकाल पुन्हा शंभरावर गेला. या तीन वर्षांत शिकविणारे आम्ही दोघे शिक्षक तेच होतो, पुस्तके तीच, फळाही तोच. त्याचा उजवा कोपरा उडालेला होता, तोही तसाच राहिला. मग आमची विद्या २०१३ साली पूर्ण, २०१४ साली नाहीशी, व २०१५ साली परत प्रकट, असे समजावयाचे काय?

त्या शून्यात कोण होते ते पाहा. एक मुलगी परीक्षेच्या दिवशी तापाने फणफणलेली होती. तरी आजीने तिला शालीत गुंडाळून केंद्रावर आणली होती. दुसरा मुलगा अगदी थोड्या गुणांनी राहिला. तिसरा मुलगा चिरेखाणीवरील कामगाराचा, विजापुराकडचा. त्याच्या घरी कानडी बोलत. मराठी अक्षरांशी त्याची ओळख होऊन जेमतेम दोन हिवाळे झाले होते. तो भागाकार माझ्यापेक्षा जलद करी, परंतु प्रश्न वाचता वाचता वेळ संपून जाई. एक ताप, एक काठावरची चूक व एक परकी भाषा या तिहींची बेरीज कचेरीच्या तक्त्यात शून्य म्हणून उमटली.

आता ही टक्केवारी अशी का उसळते, ते पाहू. सारीपाटाच्या कवड्या ज्यांनी हातात धरल्या आहेत त्यांस हे चटकन समजेल. समजा, आपल्यापाशी अशा पाच कवड्या आहेत की प्रत्येक कवडी दहा वेळांत सरासरीने सात वेळा उताणी पडते. उताणी म्हणजे उत्तीर्ण. म्हणजे पाच विद्यार्थ्यांचा असा वर्ग घ्या की ज्यातील प्रत्येकाची उत्तीर्ण होण्याची खरी शक्यता दहांत सात आहे. शिक्षक चांगला आहे, मुलेही बरी आहेत, आणि वर्षानुवर्षे त्यांत फरक पडत नाही. असे असूनही सुमारे सहा वर्षांतून एकदा पाचही मुले उत्तीर्ण होतील व शाळेचे नाव वर्तमानपत्रात येईल; आणि तितक्याच वेळा, म्हणजे सहा वर्षांतून सुमारे एकदा, दोन किंवा त्याहूनही कमी मुले उत्तीर्ण होऊन निकाल चाळीस टक्क्यांवर अथवा त्याखाली येईल. शाल व खुलासा, दोन्ही त्या बिचाऱ्या कवड्यांच्या नशिबी आळीपाळीने लिहिलेलीच आहेत! तीच शक्यता असलेली शंभर मुले घेतली तर काय होईल? बहुतेक प्रत्येक वर्षी निकाल साठ व ऐंशी यांच्या दरम्यान पडेल, आणि शंभर टक्के हा आकडा त्या शाळेच्या हेडमास्तरांस जन्मात दिसणार नाही. वर्ग मोठा झाला की नशिबाच्या उड्या एकमेकींस खोडून टाकतात. वर्ग लहान असला की प्रत्येक उडी तक्त्यावर उमटते.

हे काही नवे ज्ञान नव्हे. फ्रान्सात जन्मून इंग्लंडात आयुष्य काढलेल्या द म्वाव्र नावाच्या गणितज्ञाने १७३० साली याचा नियम मांडला. सरासरी ज्या संख्येवरून काढली, त्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात तिची अस्थिरता घटते, असा तो नियम आहे. म्हणजे अस्थिरता निम्मी करावयाची तर मुले चौपट हवीत. हॉवर्ड वेनर या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने २००७ साली एका लेखात या समीकरणास जगातील सर्वांत घातक समीकरण म्हटले. घातक ते स्वतः नव्हे, त्याचे अज्ञान घातक. लहान शाळांचीच गोष्ट त्याने दाखल्यास घेतली आहे. अमेरिकेत एके काळी असा समज पसरला की, उत्तम गुण मिळविणाऱ्या शाळांत लहान शाळा फार दिसतात, तेव्हा शाळा लहान कराव्यात. धनाढ्य धर्मादाय संस्थांनी त्यावर अपार पैसा ओतला. कित्येक मोठ्या शाळांचे तुकडे करण्यात आले. वेनर व त्याचा एक सहकारी यांनी पेनसिल्व्हेनिया प्रांतातील १,६६२ शाळांचे पाचवीच्या वाचनाचे गुण तपासले. वरच्या पन्नास शाळांत सर्वांत लहान पन्नासांपैकी सहा शाळा होत्या. वाट्याप्रमाणे जेमतेम दीडच हवी होती, म्हणजे ही चौपट झाली. परंतु तळाच्या पन्नास शाळांकडे पाहावे, तर तेथे त्याच लहान शाळांपैकी नऊ! ज्यांनी तक्त्याचा वरचा भाग पाहिला त्यांनी लहान शाळेची आरती केली. तळ पाहिला असता, तर त्यांनीच तिला दोष दिला असता.

आमच्याकडे नेमका तळ पाहिला जातो, एवढाच फरक. २०१७ सालच्या डिसेंबरात महाराष्ट्र सरकारने १,३१४ शाळा बंद करून तेथील मुलांचे दुसऱ्या शाळांत समायोजन करण्याचे ठरविले. पट दहाच्या आत व गुणवत्ता उणी, अशी कारणे सांगण्यात आली. पट दहाच्या आत हे कारण मला समजते. तेथे निदान मोजणी तरी आहे. परंतु ज्या वर्गात दोन मुले आहेत त्याची एका वर्षाची गुणवत्ता कोणत्या तराजूत तोलली, हे कोणी विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही. त्या शाळांतील कित्येक खरोखरीच वाईट असतील. मी त्यांची वकिली करीत नाही. वाईट कोणत्या व कमनशिबी कोणत्या, हे त्या आकड्यांवरून निवडता येत नाही, एवढेच माझे म्हणणे. त्यानंतर २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची मोजदाद झाली, तेव्हा राज्यात अशा १४,७८३ शाळा निघाल्या. त्यांत सुमारे १ लाख ८५ हजार मुले व साडेएकोणतीस हजारांवर शिक्षक. पुणे जिल्ह्यातील पानशेत व नंदुरबारातील तोरणमाळ यांचा कित्ता पुढे ठेवून, अशा शाळा एकत्र करून समूहशाळा उभाराव्यात, असे प्रस्ताव तेव्हा मागविले गेले. सरासरी काढली तर शाळेस साडेबारा मुले पडतात.

पट हा तरी खरा असतो काय? आमच्या शाळेचा पट किती, याचे उत्तर कोणत्या महिन्यात विचारता यावर अवलंबून असे. शिक्षकांच्या जागा ठरविण्याकरिता ३० सप्टेंबरचा पट धरतात. त्या दिवशी आमच्या शाळेत आठ मुले असत. पावसाळ्यात चिरेखाणी पाण्याने भरलेल्या असतात. खाणकामगार आपल्या गावी असतात, व दसऱ्यानंतर परत येतात. ती मुले आली की पट अकरावर जाई. म्हणजे कचेरीच्या लेखी आम्ही दहाच्या आतले, आणि पौष-माघात फळ्यापुढे बसत ती अकरा डोकी. तीन मुलांचा हा फरक शहरातील शाळेत कोणाच्या ध्यानातही येणार नाही. आमच्याकडे तो जगण्यामरण्याचा होता.

ती अकरा मुले कोणाची होती, हेही ऐकून घ्यावे, कारण मोठ्या शाळेच्या तक्त्यात हे रकानेच नसतात. चार मुलांचे आईबाप मुंबईस, आणि मुले आजीआजोबांपाशी. त्यांच्या गृहपाठावर सही म्हणून आजीचा अंगठा येई. दोन भावंडे नेपाळी गुरख्याची. हा मनुष्य आंब्याच्या बागेची राखण करी व बारमाही तेथेच राही. तिघे चिरेखाणीवरचे. उरलेली दोनच काय ती वाडीत शेती करून राहणाऱ्या घरांतली. अकरा मुलांत घरच्या भाषा तीन! आणखी एक गोष्ट: अकरांत सात मुली व चार मुलगे. नेपाळी व कानडी मुले वगळली, तर वाडीच्या सहा मुलांत मुलगा एकच. वाडीत काय मुलगे जन्मत नव्हते? जन्मत होते. परंतु सकाळी सात वाजता सड्यावर पिवळी बस येई आणि त्यांना तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घेऊन जाई. बहिणीने पाटी-दप्तर घेऊन आमच्याकडे यावे व भावाने गळपट्टा बांधून बसमध्ये चढावे, हे दृश्य मी नऊ वर्षे पाहिले. बापाला विचारले तर तो म्हणे, "गुरुजी, दोघांची फी झेपत नाही." फी झेपत नाही हे खरे, पण न झेपणारी फी दर वेळी मुलीचीच का असते, हे मी त्यास विचारू शकलो नाही, याची आज खंत वाटते.

शाळा लहान का होत चालल्या, याचे मोठे कारण कोणाच्या कसुरीत नाही. मुलेच कमी जन्मतात. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात एका स्त्रीमागे अपत्यांचे प्रमाण १.७ वर आले आहे. त्यात कामधंद्यासाठी तरुण माणसे शहरात जातात, आणि वर ती पिवळी बस. या तिहींतून गाळून जे उरते ते आमच्या शाळेत येते. तेव्हा अशा शाळेचा निकाल मोठ्या शाळेच्या निकालाशेजारी मांडणे म्हणजे एकाच शर्यतीत एकास सपाटीवरून व दुसऱ्यास घाटातून पळवून घड्याळ लावण्यासारखे आहे.

लहान शाळेवरचा आरोप फार जुना आहे. सर फिलिप हर्टोग यांच्या समितीने १९२९ साली हिंदुस्थानातील प्राथमिक शिक्षणाचा अहवाल दिला. त्यात मुलांची गळती व एकाच इयत्तेत रखडणे यांचा मोठा ऊहापोह आहे, आणि नव्या शाळांचा विस्तार करण्यापेक्षा असलेल्या शाळांची एकत्र बांधणी करून त्या मजबूत कराव्यात असा कल आहे. एकशिक्षकी शाळेवर त्या समितीची मर्जी नव्हती. उलट कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक, जे पुढे कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झाले, त्यांनी १९५३ साली एकशिक्षकी शाळेवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. अशी शाळा आपल्या देशात टाळता येणार नाही. तेव्हा ती नीट कशी चालवावी हे शिकले पाहिजे, अशी त्यांची दृष्टी होती. मला ही दृष्टी अधिक व्यवहारी वाटते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीच्या शाळेस साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक देऊ केले, तेव्हा त्या दृष्टीस थोडे बळ आले, असे म्हणता येईल.

परंतु मी लहान शाळेचा भाट नव्हे. तिचे दोष मी इतरांपेक्षा जवळून पाहिले आहेत. एका शिक्षकाच्या समोर दोन इयत्ता बसतात. एकीस बोलून शिकवावे तर दुसरीस लिहीत बसवावे लागते. दोघांपैकी एक शिक्षक सभेस, जनगणनेस किंवा निवडणुकीस गेला की चारही इयत्ता एकाच्या गळ्यात. आमचे निम्मे दिवस असेच जात. खो-खोला संघ उभा करावयाचा तर मैदानात नऊ खेळाडू लागतात. आम्ही पहिलीची पोरे धरून नऊ करीत होतो. २०१५ सालची ती मुलगी आपल्या इयत्तेत संपूर्ण वर्ष एकटी होती. तिच्यापुढे कोणी नव्हते व मागेही कोणी नव्हते. पहिला नंबर तिचाच आणि शेवटचाही. माझे उत्तर चुकले तर "असे नव्हे गुरुजी" म्हणणारा दुसरा आवाज वर्गात नव्हता. विद्या एकमेकांशी घासून चकाकते. ते घासणे तिला मिळाले नाही, हे मी मान्य करतो. ज्या वाडीपासून चांगली शाळा जवळ आहे, वाट सुरक्षित आहे, आणि वाहनाची हमी कागदावर नसून रस्त्यावर आहे, तेथे मुले एकत्र करण्यास मी आनंदाने संमती देईन.

याच्या उलट बाजूसही एक हिशेब आहे. तिसरीची मुलगी पहिलीच्या मुलास बाराखडी घोटविते आणि घोटविता घोटविता तिची स्वतःची पक्की होते. हे आम्ही युक्ती म्हणून केले नाही, निरुपायाने केले, व ते उपयोगी पडले. कानडी मुलास मराठी मी शिकविली नाही. गुरख्याच्या मुलीने शिकविली, कारण ती स्वतः दोन वर्षांपूर्वी त्याच वाटेने गेली होती. एखादे मूल दोन दिवस आले नाही तर तिसऱ्या दिवशी मी त्याच्या दारात उभा असे. ऐंशींच्या वर्गात हे कोणत्या शिक्षकास जमेल? आणि अंतर. कायद्यान्वये पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. नकाशावरचा किलोमीटर व वहाळापलीकडचा किलोमीटर यांत आषाढात पुष्कळच फरक पडतो. शाळा दूर गेली की प्रथम घरी बसते ती मुलगी. आणि आमच्याकडे तर उरल्या होत्या त्या बहुतेक मुलीच.

मग अशा शाळेविषयी कोणी आपणास विचारले, तर निकाल किती असे विचारू नका. मुले कोणती असे विचारा. एका वर्षाचे टक्के सोडून द्या, पाच-सहा वर्षांची मुले एकत्र धरा. आमची तीन वर्षे एकत्र केली तर सहा मुले बसली व तीन उत्तीर्ण झाली. हा निम्मा निकाल शालीस पात्र नव्हता, खुलाशासही नव्हता. आणि सहांवरूनही फार बोलू नये. त्याहून उपयोगी म्हणजे प्रत्येक मुलाचा जून व एप्रिल. जूनमध्ये ज्यास अक्षर येत नव्हते तो एप्रिलात वाक्य वाचतो काय? वजाबाकीत हातचा घ्यावयास शिकला काय? वर्षात किती दिवस हजर होता? अकरा मुलांची ही माहिती वहीच्या दोन पानांत मावते. शंभरांच्या शाळेस टक्केवारी लागते, कारण तेथे प्रत्येकाचे नाव घेण्यास सवड नसते. आमच्याकडे सवड होती. तरीही आम्ही कचेरीच्या तक्त्यात टक्के भरीत राहिलो, आणि शाल मिळाली त्या वर्षी मीही त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जुनी वही काढली व त्या गृहस्थांच्या घरी गेलो. ओटीवर बसून त्यांस सहाही मुलांची हकीकत सांगितली: कोण उत्तीर्ण, कोण तापाने आजारी, कोण काठावर राहिला. ते हिशेबी मनुष्य; त्यांनी कागद मागून घेतला व कवड्यांचे गणित स्वतः करून पाहिले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. नंतर विचारले, "गुरुजी, तो भागाकार जलद करणारा पोरगा आता कोठे असतो?"

मला सांगता आले नाही. दाखला विजापुराकडे गेला होता. तो मीच लिहून दिला होता, आणि त्यावर प्रगतीच्या रकान्यात एकच शब्द लिहिला होता: समाधानकारक.